नामाचे पांच प्रकार : एका शालेय यादीचा इतिहास

इंग्रजी व्याकरणाची शालेय वही उघडली कीं पहिल्या कांहीं पानांतच एक ठरावीक यादी दृष्टीस पडते. नामाचे प्रकार पांच : प्रॉपर, कॉमन, कलेक्टिव्ह, मटीरियल आणि अॅब्स्ट्रॅक्ट. मराठींत सांगावयाचें तर विशेषनाम, सामान्यनाम, समूहवाचक, पदार्थवाचक आणि भाववाचक. विद्यार्थी ही यादी पाढ्यासारखी पाठ करतो, परीक्षेंत बिनचूक उतरवितो आणि तिचे गुण मिळवितो. परंतु तोच विद्यार्थी पुढच्या प्रश्नांत 'त्यानें मला दोन सल्ले दिले' या साध्या वाक्याचें इंग्रजी करतांना 'टू अॅडव्हायसेस' असें लिहितो आणि तेथें त्याचे गुण जातात. यादी मुखोद्गत असतांना चूक झाली कशी, हें त्याला उमगत नाहीं. आणि आपल्याच बुद्धींत कांहीं तरी उणें आहे अशी समजूत करून घेऊन तो गप्प बसतो. वास्तविक उणीव त्याच्यांत नाहीं, यादींत आहे. ती कां राहिली हें समजून घ्यावयाचें तर या यादीचा प्रवास सुमारें बावीसशें वर्षें मागें जाऊन पाहिला पाहिजे.

नामांची पहिली मोठी वांटणी ग्रीक लोकांनीं केली. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकांत अथेन्स येथें स्टोइक पंथाचा तत्त्वज्ञ क्रिसिपस होऊन गेला. 'सॉक्रेटीस' हा शब्द आणि 'मनुष्य' हा शब्द त्याला इतके भिन्न वाटले कीं त्यांच्या त्यानें दोन स्वतंत्र शब्दजाती मानल्या. एक शब्द एकाच व्यक्तीकडे बोट दाखवितो. दुसरा अनेकांच्या ठायीं सारखाच असणारा धर्म सांगतो. पुढें सुमारें शंभर वर्षांनीं डायोनिशियस थ्रॅक्स हा पंडित झाला. त्याचें शिक्षण अलेक्झांड्रियाचें, आणि पुढें ऱ्होड्स बेटावर तो अध्यापन करीत असे. त्याच्या नांवावर चालत आलेल्या लहानशा ग्रीक व्याकरणाचा कांहीं भाग मागाहूनचा असावा, असें आजच्या अनेक संशोधकांचें मत आहे. पण पाश्चात्य व्याकरणाचा पाया त्याच पुस्तकानें घातला यांत वाद नाहीं. या पुस्तकांत क्रिसिपसच्या दोन जाती पुन्हां एकाच छपराखालीं आल्या. नाम म्हणजे शरीरधारी किंवा अशरीरी वस्तु सांगणारा शब्द; दगड हें पहिल्याचें उदाहरण, शिक्षण हें दुसऱ्याचें. शिवाय नाम कधीं सर्वसाधारणपणें वापरलें जातें, जसें मनुष्य किंवा घोडा. कधीं एकट्यापुरतें, जसें सॉक्रेटीस. नामाचे जे अनेक पोटभेद पुढें सांगितले आहेत, त्यांत एकवचनांत राहून अनेकांचा बोध करून देणारें नाम हाहि एक आहे. लोक, गायकवृंद आणि जमाव हीं त्याचीं उदाहरणें. म्हणजे आजच्या शालेय यादीपैकीं विशेषनाम, सामान्यनाम, समूहवाचक आणि भाववाचक या चारहि कल्पनांचीं बीजें तेव्हांच पेरलीं गेलीं होतीं.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. अलेक्झांड्रियाच्या पंडितांपुढें ग्रीक भाषा नव्यानें शिकणारा मुलगा नव्हता. त्यांच्यापुढें होमरचीं काव्यें होतीं. त्या काव्यांची भाषा शेंकडों वर्षांची जुनी झाली होती, पोथ्यांत पाठभेद माजले होते, आणि शुद्ध पाठ ठरवून अर्थ लावणें हें त्यांचें काम होतें. त्यांचें व्याकरण बोलावयास शिकविण्यासाठीं नव्हे, तर वाचावयास शिकविण्यासाठीं जन्मास आलें. वाचणाऱ्याला 'हा शब्द कोणत्या प्रकारचा' एवढें कळलें म्हणजे पुरतें. 'हा शब्द वाक्यांत कसा योजावा' ही अडचण लिहिणाऱ्याची आणि बोलणाऱ्याची. यादी वाचकासाठीं तयार झाली आणि पुढें ती बोलूं पाहणाऱ्याच्या हातीं पडली, हेंच तिच्या सर्व इतिहासाचें मर्म आहे.

ग्रीकांकडून ही विद्या रोमन लोकांनीं घेतली. चौथ्या शतकाच्या मध्यास डोनाटस हा रोममधील प्रसिद्ध शिक्षक होता. बायबलचें लॅटिन भाषांतर करणारा संत जेरोम हा त्याचा शिष्य. डोनाटसनें मुलांसाठीं प्रश्नोत्तररूपानें एक लहान व्याकरण लिहिलें आणि तें पुढें जवळजवळ हजार वर्षें युरोपांतील पाठशाळांचें पहिलें पुस्तक होऊन राहिलें. त्यांत नामाचा 'गुण' दोन प्रकारचा सांगितला आहे : एक स्वतःचें नांव, दुसरें सर्वांचें नांव. स्वतःचें या अर्थाचा लॅटिन शब्द 'प्रोप्रियुस'. त्यापासून इंग्रजींत 'प्रॉपर' आला. 'प्रॉपर नाउन' म्हणजे योग्य किंवा बरोबर नाम, असा घोटाळा मुलांच्या मनांत नेहमीं होतो. तेथें प्रॉपर म्हणजे ज्याचें त्याचें, खास मालकीचें. 'नाउन' हा शब्दहि लॅटिन 'नोमेन' याचाच फ्रेंच वाटेनें आलेला अवतार आहे; आणि हें 'नोमेन', इंग्रजी 'नेम' आणि संस्कृत 'नामन्' हीं एकाच मूळ शब्दाचीं लेंकरें. इ. स. १००० च्या सुमारास अॅल्फ्रिक या इंग्रज मठवासी पंडितानें आपल्या मुलांसाठीं लॅटिनचें व्याकरण जुन्या इंग्रजींत लिहिलें, त्यांत नामाला त्यानें 'नामा' असाच शब्द योजला होता. तो पुढें टिकला नाहीं, ही गोष्ट निराळी.

डोनाटसच्या व्याकरणांत आजच्या वाचकास चमत्कारिक वाटेल अशी एक गोष्ट आहे. नामाच्या सहा धर्मांत लिंग, वचन, विभक्ति यांच्या जोडीला 'तुलना' हाहि एक धर्म सांगितला आहे. मोठा, अधिक मोठा, सर्वांत मोठा, ही तुलना नामाची कशी होईल? याचें कारण असें कीं, विशेषण ही स्वतंत्र शब्दजाती ग्रीक-रोमन पंडितांनीं मानलीच नव्हती; 'चांगला' हा शब्दहि 'घोडा' या शब्दासारखाच चालतो, तेव्हां तोहि नामच. आपल्याकडेहि फारसें वेगळें घडलें नाहीं. यास्काचार्यांच्या निरुक्तांत नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात असे शब्दांचे चारच वर्ग आहेत व विशेषणें नामांतच येतात. पतंजलींनीं महाभाष्यांत शब्दांची प्रवृत्ति चार प्रकारची सांगितली : जातिवाचक, गुणवाचक, क्रियावाचक आणि यदृच्छाशब्द, म्हणजे केवळ इच्छेनें ठेवलेलें नांव. जातिशब्द हें आपलें सामान्यनाम आणि यदृच्छाशब्द हें विशेषनाम, असें ढोबळ मानानें म्हणतां येईल. गुणवाचकांत मात्र 'शुक्ल' यासारखे शब्द येतात, ज्यांना आज विशेषण म्हणतात. परस्परांपासून इतक्या दूर असलेल्या दोन परंपरा एकाच निर्णयावर आल्या, कारण संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या तिन्ही भाषांत विशेषण नामासारखेंच विभक्ति घेतें. ज्या भाषेचें निरीक्षण केलें तिच्यापुरता तो निर्णय अगदीं रास्त होता.

अडचण उत्पन्न झाली ती इंग्रजीच्या बाबतींत. इंग्लंडांत आठव्या हेन्री राजानें शाळांसाठीं एकच लॅटिन व्याकरण अधिकृत ठरविलें, इ. स. १५४० च्या सुमाराचें हें पुस्तक विल्यम लिली या शिक्षकाच्या नांवानें ओळखलें जाई. त्यांत नामाचे दोन भाग होते : स्वतंत्र उभें राहणारें नाम आणि दुसऱ्याच्या आधारानें उभें राहणारें नाम, म्हणजेच विशेषण. इ. स. १५८६ त विल्यम बुलोकर यानें इंग्रजीचें पहिलें छापील व्याकरण प्रसिद्ध केलें, तें याच लिलीच्या सांच्यांत ओतलेलें होतें. इंग्रजी विशेषणाला ना वचन, ना विभक्ति. तरी लॅटिनमध्यें तें नाम म्हणून इंग्रजींतहि नाम! जॉन वॉलिस या गणितज्ञानें इ. स. १६५३ त इंग्रजीचें व्याकरण लिहितांना लॅटिनचें ओझें इंग्रजीवर लादण्यास हरकत घेतली. पण मौज अशी कीं, त्याचें तें पुस्तकहि लॅटिन भाषेंतच होतें. पुढें शंभर वर्षें गेल्यावर, इ. स. १७६१ त, जोसेफ प्रीस्टली याच्या लहानशा व्याकरणांत विशेषण नामापासून वेगळें काढून स्वतंत्र शब्दजाती म्हणून मांडलेलें आढळतें. प्राणवायूच्या शोधाच्या इतिहासांत ज्याचें नांव येतें तोच हा प्रीस्टली. आज शाळेंतील मुलगा नाम आणि विशेषण यांचा भेद क्षणांत सांगतो. तो भेद व्यवस्थित मांडावयास युरोपला जवळजवळ दोन हजार वर्षें लागलीं.

शालेय व्याकरणाला आजचें रूप देण्यांत लिंड्ले मरे याचा वांटा मोठा आहे. अमेरिकेंत जन्मलेला हा वकील प्रकृतीच्या कारणानें इंग्लंडांत यॉर्कजवळ येऊन राहिला होता. तेथील क्वेकर पंथाच्या मुलींच्या शाळेसाठीं त्यानें लिहिलेलें इंग्रजी व्याकरण इ. स. १७९५ त निघालें आणि त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या इंग्लंड-अमेरिकेंत खपल्या. मरेनें नामें विशेष आणि सामान्य अशीं विभागलीं व त्यांखेरीज समूहवाचक, भाववाचक आणि क्रियेपासून झालेलीं असेहि वर्ग सांगितले. एकोणिसाव्या शतकांत तर्कशास्त्राचा अभ्यास वाढला. जॉन स्टुअर्ट मिल्ल यानें इ. स. १८४३ च्या आपल्या ग्रंथांत नांवांचे सामान्य, एकवाची, समूहवाची, मूर्त आणि अमूर्त असे भेद बारकाईनें तपासले. 'हा शब्द कशाचें नांव आहे?' हा तर्कशास्त्राचा प्रश्न. व्याकरणकारांनीं तोच आपला मुख्य प्रश्न करून घेतला, आणि 'हा शब्द वाक्यांत कसा वागतो?' हा खास व्याकरणाचा प्रश्न मागें पडला.

हिंदुस्थानांतील शाळांत पांच प्रकारांची यादी घट्ट रुजली ती जॉन कॉलिन्सन नेसफील्ड याच्या पुस्तकांनीं. नेसफील्ड हा वायव्य प्रांत व अयोध्या येथील शिक्षणखात्याचा संचालक होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत निघालेल्या त्याच्या व्याकरणमालेवर अनेक पिढ्या वाढल्या. विशेष, सामान्य, समूह आणि भाव यांच्या जोडीला पाणी, सोनें, तांदूळ यांसारख्या द्रव्यांचें पदार्थवाचक नाम त्यांत पांचवें आहे. पुढें इ. स. १९३५ च्या सुमारास रेन आणि मार्टिन या जोडीचें व्याकरण आलें. त्यांतला पर्सिव्हल रेन हा पूर्वीं मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यांत नोकरीस होता व कादंबरीकार म्हणून जगभर गाजला. त्याचें व्याकरण आजहि भारतांत छापलें व वापरलें जातें.

मराठी व्याकरणाची घडणहि या प्रवाहापासून अलिप्त राहिली नाहीं. विल्यम केरी याचें मराठीचें इंग्रजींतील व्याकरण इ. स. १८०५ त सेरामपूर येथें छापलें गेलें. इ. स. १८३६ त दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनीं 'महाराष्ट्र भाषेचें व्याकरण' प्रसिद्ध केलें, तेव्हां त्यांचें वय अवघें बावीस वर्षांचें होतें. त्यांच्यासमोर इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता आणि परिभाषेसाठीं संस्कृताचें भांडार होतें. इ. स. १९११ त मोरो केशव दामले यांचा 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा विस्तृत ग्रंथ आला. शालेय मराठी व्याकरणांत शेवटीं सामान्यनाम, विशेषनाम आणि भाववाचक नाम असे तीनच मुख्य प्रकार स्थिर झाले. समूह आणि पदार्थ सामान्यनामाच्या पोटांत गेले. यामुळें एकच मुलगा सकाळच्या तासाला मराठींत तीन प्रकार पाठ करतो व दुपारच्या तासाला इंग्रजींत पांच. वस्तुजात तेंच, जग तेंच. मग प्रकार तीन कीं पांच? असा प्रश्न विचारणारा मुलगा खोडकर नव्हे, तो विचारी आहे. त्याचें खरें उत्तर असें कीं, प्रकार जगांत नसतात, भाषेच्या निरीक्षणांत असतात, आणि निरीक्षक ज्या हेतूनें पाहतो तसे ते पडतात.

आतां आरंभींच्या त्या 'दोन सल्ल्यां'कडे वळतां येईल. 'अॅडव्हाइस' हें भाववाचक नाम आहे आणि 'आयडिया' हेंहि भाववाचक नाम आहे. परंतु 'अॅन आयडिया', 'टू आयडियाज' हें चालतें. 'अॅन अॅडव्हाइस' चालत नाहीं. 'कमिटी' समूहवाचक आहे, आणि अनेक वस्तूंना मिळून असलेलें 'फर्निचर' हें नांवहि मुलाला समूहवाचकच वाटतें. समित्या मोजतां येतात. 'फर्निचर्स' असें मात्र इंग्रज म्हणत नाहीं. म्हणजे पांच प्रकारांची वांटणी बिनचूक केली तरी नामापूर्वीं 'अ' लावावा कीं नाहीं, शेवटीं 'एस्' जोडावा कीं नाहीं, 'मेनी' म्हणावें कीं 'मच' म्हणावें, या प्रश्नांना तिच्यांत उत्तर नाहीं. इंग्रजी लिहितांना मात्र हे प्रश्न ओळीओळीला उभे राहतात. त्यांचें उत्तर देणारा भेद निराळाच आहे : इंग्रजी भाषा जें नाम मोजते तें आणि जें मोजत नाहीं तें.

हा भेद जुन्या व्याकरणकारांच्या नजरेस मुळींच आला नव्हता असें नाहीं. मरेनें गहूं, डांबर, सोनें, आळस आणि गर्व यांचे इंग्रजी शब्द देऊन, हीं नामें वस्तूंच्या स्वभावामुळेंच एकवचनांत राहतात, असें म्हटलें आहे. पण हें कारण मराठी माणसास पटण्यासारखें नाहीं. त्याच्या घरांत 'गहूं महाग झाले' असें अनेकवचनी बोलतात आणि 'ज्वारी महाग झाली' असें एकवचनी. 'तांदूळ निवडले', पण 'तूर निवडली'. धान्याचा स्वभाव कोठारांत सर्वत्र सारखाच. बदलतो तो भाषेचा स्वभाव. खुद्द इंग्रजींत गव्हाचा 'व्हीट' एकवचनी, तर ओटचा 'ओट्स' अनेकवचनी. वाटाण्याची गोष्ट तर याहून मौजेची. पूर्वीं इंग्रजींत वाटाण्याला 'पीज' असा एकवचनी शब्द होता. त्याच्या शेवटचा ध्वनि अनेकवचनाचा आहे असा लोकांचा समज झाला आणि एका दाण्यासाठीं 'पी' हा नवाच शब्द सतराव्या शतकांत रूढ झाला. 'न्यूज' हा शब्द उलट दिशेनें गेला. शेक्सपियरच्या काळीं तो अनेकवचनींहि चाले, आज तो केवळ एकवचनी आहे, आणि तरीहि 'अ न्यूज' म्हणतां येत नाहीं. मराठींत मात्र 'एक बातमी' आणि 'दहा बातम्या' खुशाल मोजतां येतात.

एवढा महत्त्वाचा भेद यादींत स्वतंत्रपणें कां बसला नाहीं, हें आतां स्पष्ट होईल. यादीचे मूळ कर्ते ग्रीक आणि लॅटिन वाचीत होते. लॅटिनमध्यें 'अ' आणि 'द' यांसारखीं उपपदेंच नाहींत. ग्रीकमध्यें 'द'सारखें उपपद आहे, 'अ'सारखें नाहीं. मग 'अ' कोठें लावावा हा प्रश्न त्यांना पडावा कसा? पुढें इंग्रज व्याकरणकार आले. पण इंग्रज मुलगा हे नियम आईच्या मांडीवरच शिकलेला असतो. त्याला ते कोणी सांगावे लागत नाहींत, म्हणून त्याच्या पुस्तकांत त्यांना मानाचें स्थान मिळालें नाहीं. आणि इंग्रज मुलासाठीं घडलेल्या त्याच सांच्यांतलीं पुस्तकें हिंदी मुलाच्या हातीं आलीं.

हा भेद स्वतंत्र वर्ग म्हणून ठळकपणें मांडला तो इंग्रज नसलेल्या एका विद्वानानें. ऑटो येस्पर्सन हा डेन्मार्कचा भाषापंडित. आपल्या विस्तृत इंग्रजी व्याकरणाच्या इ. स. १९१४ च्या भागांत, आणि पुढें इ. स. १९२४ च्या व्याकरणतत्त्वांवरील ग्रंथांत, त्यानें मोजतां येणारीं नामें आणि राशिवाचक नामें यांचा सविस्तर विचार केला. राशिवाचकांत त्यानें पाणी आणि सोनें यांच्या शेजारींच ज्ञान आणि संगीत यांसारख्या अमूर्त गोष्टीहि बसविल्या. म्हणजे पदार्थवाचक व भाववाचक यांमधील जुनी भिंत या कामापुरती त्यानें पाडली. परक्या भाषेकडे बाहेरून पाहणाऱ्यालाच तिच्या उंबरठ्याची उंची चटकन कळते.

त्यानंतरचें पाऊल टोकियोंत पडलें. आल्बर्ट हॉर्नबी हा इंग्रज शिक्षक इ. स. १९२४ पासून जपानमध्यें इंग्रजी शिकवीत होता. जपानी भाषेंत उपपदें नाहींत आणि नामाला अनेकवचनाचा प्रत्यय लावण्याची सक्ति नाहीं. त्यामुळें तेथील विद्यार्थी नेमका याच ठिकाणीं अडे. हॉर्नबीनें दोन सहकाऱ्यांच्या मदतीनें परकीय विद्यार्थ्यांसाठीं एक कोश तयार केला आणि तो ऐन महायुद्धांत, इ. स. १९४२ त, टोकियोमध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत नामांपुढें तें मोजतां येणारें आहे कीं न मोजतां येणारें, हें एका अक्षरानें दाखविलें होतें. युद्ध संपल्यावर इ. स. १९४८ त ऑक्सफर्डनें तोच कोश नव्या नांवानें काढला आणि तेव्हांपासून ही खूण विद्यार्थ्यांच्या इंग्रजी कोशांत कायमची झाली. जी गोष्ट दोन हजार वर्षांच्या यादीनें सांगितली नाहीं, ती कोशाच्या एका अक्षरानें सांगितली. कारण समोर बसलेला विद्यार्थी कोठें अडतो हें त्या शिक्षकानें पाहिलें होतें.

याचा अर्थ जुनी यादी टाकून द्यावी असा नव्हे. विशेषनाम ओळखल्याशिवाय इंग्रजींत मोठें अक्षर कोठें लिहावें हें कळत नाहीं. देवनागरींत लहान-मोठीं अक्षरें नसल्यामुळें मराठी मुलास तो भेद मुद्दाम शिकावाच लागतो. शिवाय, शब्द एका प्रकारांतून दुसऱ्यांत कसे जातात हें पाहण्यासहि यादी उपयोगी पडते. मलबारच्या कालिकत बंदराचें नांव इंग्रजींत 'कॅलिको' या कापडाचें नांव झालें. मराठींत झोपाळू माणूस 'कुंभकर्ण' ठरतो आणि भांडणें लावणारा 'नारद'. प्रकार म्हणजे शब्दाच्या कपाळीं कोरलेली जात नव्हे. त्या त्या वाक्यांत त्यानें पत्करलेलें तें काम असतें.

घरीं मुलाचा इंग्रजीचा अभ्यास घेणाऱ्या आई-वडिलांनीं या इतिहासांतून एवढें जरी घेतलें तरी पुष्कळ झालें. मुलानें 'टू अॅडव्हायसेस' असें लिहिलें, तर त्यानें मराठीचा नियम इंग्रजीला लावला, एवढेंच घडलेलें असतें. सोळाव्या शतकांतल्या बुलोकरनेंहि दुसरें कांहीं केलें नव्हतें. त्यानें लॅटिनचा नियम इंग्रजीला लावला. अशा वेळीं मुलाकडून यादी दहादां घोकून घेण्यापेक्षां त्याच्यासमोर कोश उघडून ठेवावा, त्या नामापुढची खूण त्याला दाखवावी, आणि मराठींत सल्ले मोजतात, इंग्रजींत मोजत नाहींत, एवढें त्याला सांगावें. तो ती चूक बहुधा पुन्हां करणार नाहीं. आणि केली तरी ती कां झाली हें त्याचें त्याला कळेल.